फौजीचं घर कुणालाबी विचार

आमच्या घरात कुणी हळू बोललं की त्याला ताप आलाय का ते आधी बघतात. मी कोल्हापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, आणि माझा आवाज भिंत ओलांडून शेजारच्या वर्गात जातो अशी शेजारच्या वर्गाची कायमची तक्रार आहे. हा आवाज आबांचा. आबा म्हणजे माझे वडील, मूळचे गडहिंग्लज तालुक्यातले, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यावर मी त्यांना कोल्हापूरला माझ्याकडे आणलं. आणलं म्हणजे काय, चार वेळा विनवलं आणि पाचव्या वेळी भांडले, तेव्हा कुठे ते पेटी घेऊन आले.

आबा टीव्हीशीसुद्धा मोठ्यानं बोलतात. बातम्या देणाऱ्या बाईला 'अगं सरळ सांग की' म्हणून दटावतात. त्यामुळे त्या ऑगस्टमध्ये त्यांनी एक शब्दही न बोलता टीव्ही बंद केला, तेव्हा मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले. काबूलचा विमानतळ दाखवत होते. अमेरिकेचं सैन्य परत चाललं होतं, आणि वीस वर्षं त्या सैन्याचे दुभाषे, वाटाडे म्हणून राबलेली माणसं कुंपणाशी गर्दी करून कागद हलवत होती. काही जण तर निघालेल्या विमानाबरोबर पळत होते. आबांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "काय न्हाय. डोळं दुखत्यात."

आबांचे डोळे कधी दुखत नाहीत. सुईत दोरा ते अजून स्वतः ओवतात.

आपलं सैन्य श्रीलंकेत गेलं होतं तेव्हा आबा तिथं दोन वर्षं होते. मी तेव्हा लहान, गावी आईपाशी. लंकेबद्दल आम्हाला त्यांनी सांगितलं ते एवढंच, की तिथं सगळ्या खाण्याला खोबरेल तेलाचा वास येतो आणि घामानं बेल्ट कुजतो. बाकी सियाचीनच्या, राजस्थानच्या, पंजाबच्या अशा शंभर गोष्टी ते रंगवून सांगत. पण त्यांत लंकेची एकही नसे. मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. आपल्या बापाला आपण पुरतं ओळखतो असं मला वाटायचं, आणि त्याचा मला तोराही होता.

कोरोनानंतर कॉलेजं पुन्हा सुरू झाली आणि त्या हिवाळ्यात वारणानगरला वादविवाद स्पर्धा ठरली. विषय आला: 'युद्धभूमी सोडताना साथ देणाऱ्या स्थानिकांना सोबत नेणे हे सैन्याचे कर्तव्य आहे.' आमच्या कॉलेजातून अनुकूल बाजूनं बोलायला मी बारावीतली एक मुलगी निवडली. तीही गडहिंग्लजच्या पुढची, इथं मामाकडे राहून शिकणारी. वादविवादातली बहुतेक मुलं पाठ केलेलं बोलतात आणि ठरलेल्या वाक्याला ठरलेलं बोट वर करतात; मला त्याचा मनस्वी राग आहे. ही पोरगी बोट वर करत नसे. ती सरळ भांडायची. म्हणूनच मी तिला घेतलं.

कॉलेज सुटल्यावर ती सरावाला आमच्या घरी येई. पहिल्या दिवशी आबा दाराजवळच्या खुर्चीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. तिनं सुरुवात केली, "ज्यांनी आपल्या प्राणांची पर्वा न करता..." आणि आबांनी हात वर केला.

"थांब. गाडीत जागा किती?"

"कसली गाडी, आबा?"

"माघारीची. वीस माणसं बसत्यात. अठरा जवान, दोन जखमी. तुझा दोस्त कुठं बसवू? जखमी खाली उतरवू?"

पोरगी गडबडली. आबांनी शेंग तोंडात टाकली आणि मला म्हणाले, "प्रतिकूल बाजू मी घेतो. हिला तयार करायची हाय न्हवं?"

आणि मग त्यांनी तिला जे धुतलं! एकाला गाडीत घेतलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर दोनशे उभे. त्यातला दोस्त कुठला आणि हेर कुठला, कपाळावर लिहिलेलं असतंय का? त्याला नेलं तर त्याची बायको, पोरं, म्हातारा बाप, त्यांचं काय? सगळं गाव उचलून आणायचं? आणि सगळ्यांत शेवटी, टाळी वाजवल्यासारखं: "हुकूम म्हंजे हुकूम. सैन्यात ज्यो त्यो आपल्या मनानं वागाय लागला तर ते सैन्य न्हाय, जत्रा म्हणायची." तीन दिवस ती रोज नवे मुद्दे घेऊन आली आणि तिन्ही दिवस हरली. मी वही घेऊन बसलेली, आबांचेच मुद्दे उतरवून घेत होते. माझ्या बापाला सातवीपर्यंतचं शिक्षण, पण वादात त्यांच्यापुढे आमच्या स्टाफरूममधलं कुणी टिकलं नसतं, असं मला वाटलं आणि मनातल्या मनात मी फुगले.

चौथ्या दिवशी पोरीनं वही आपटली. "आबा, तुमीच जिकताय, मान्य हाय. पर तुमचं तुमास्नी तरी पटतंय काय? तुमी कवा कुणाला सोडून आलता काय?"

आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं आता हिची काही धडगत नाही. पण त्यांनी टरफलं गोळा केली, ताटलीत भरली आणि म्हणाले, "उद्या ये. सांगतो."

दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, केस पाण्यानं चोपून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आमच्या घरी शिकायला येणाऱ्या एका परक्या पोरीला त्यांनी ती गोष्ट सांगितली. मी त्यांची सख्खी मुलगी, मी ती चहाचा ट्रे हातात धरून दारात उभ्यानं ऐकली.

लंकेत त्यांच्या ठाण्याजवळ एका पोराचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पोर म्हणजे विशी ओलांडलेला. त्याला थोडं इंग्रजी यायचं, थोडं हिंदी, आणि मुख्य म्हणजे त्याला कुठल्या गल्लीत काय चाललंय ते कळायचं. आबा सीमाभागातले, त्यांना कानडी येत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला सवयीनं 'तम्मा' अशी हाक मारली, धाकट्या भावाला मारतात तशी. त्या पोराची तमिळ. त्यांच्यात तंबी म्हणतात, तेवढा फरक. त्यानं उलट 'अण्णा' म्हटलं. तिथून पुढं दोन वर्षं तो त्यांच्या तुकडीचा दुभाषा, वाटाड्या आणि भाजी आणून देणारा. आणि दुपारी काम नसलं की आबांच्या जवानांत बसून मराठी शिकणारा. शिकला तो अर्थातच आमची मराठी. व्हय, न्हाय, आलतो, गेलतो.

"एक दिवस गस्तीला निघालो," आबा म्हणाले. "नेहमीची वाट. त्यो सायकलवर पाठनं आला, माझा हात धरला. म्हणाला, अण्णा, आज ह्या वाटंनं नगं. का म्हणून इचारलं तर काय बोलंना. आमी वाट बदलली. सांजच्याला कळलं, त्या वाटंत तिथल्या बंडखोरांनी सुरुंग पेरल्याला. आमच्या सेक्शनात दहा जण होतो. दहाचं दहा घरला आलो."

पोरीनं हातातली वही मिटली.

"मग हुकूम आला, निघा. आता तिथल्या लोकांस्नी सगळं ठावं होतं, ह्यो आमच्यात बसतोय, उठतोय. आमी गेल्यावर त्येचं काय हुणार ते त्येलाबी कळत हुतं. गाड्या सुटायच्या दिवशी सायकल धरून हुबा. म्हणाला, अण्णा, मी काय करू? म्या साहेबास्नी इचारलं. लई भला माणूस, पर हुकूम त्यास्नीबी होताच. गाडीत जागा न्हवती, दोन जखमी होते. तुला सांगितलं ते सगळं मला त्या दिवशी साहेबांनी सांगितल्यालं हाय." आबांनी पोरीकडे बघितलं. "खोटं काय न्हवतं त्यात. आजबी न्हाय. पर मी दहातला एक होतो की."

"मग?" पोरगी म्हणाली.

"मग म्या त्येला म्हटलं, हितं राहू नगंस. बोट गावली की ये. गडहिंग्लजच्या स्टँडवर उतर आणि फौजीचं घर कुणालाबी विचार. माझ्या घरात तुला भाकरी हाय."

पोरीनं तोंडावर हात दाबला. मला वाटलं ती रडतेय. ती हसू दाबत होती.

"हसाय काय झालं?" आबा गरजले.

"आबा, ह्यो काय पत्ता झाला? आमच्या तालुक्यात फौजीचं घर विचारलं तर माणसं इचारतील, कुठलं? आमच्याच आळीत दर दुसरं घर फौजीचं हाय!"

"त्या वक्ताला स्टँडवर मला कोण वळखत न्हवतं?" आबांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. "ड्रेसवर उतरलो की चारी बाजूनं रामराम यायचा!"

"पर नाव तरी सांगितलं होतं का?"

"नाव ठावं होतं की त्येला." आणि इथं ते अडखळले. त्यांच्या नावाचे फौजी आमच्या तालुक्यात पसाभर आहेत, हे त्यांना तेव्हा, त्या क्षणी सुचलं असावं. ड्रेसवर स्टँडवर उतरणाऱ्या प्रत्येक जवानाला रामराम येतो आणि प्रत्येकाला वाटतं आपण गावात एकटेच फौजी. हे आमच्याकडच्या माणसाशिवाय कुणाकडून घडायचं नाही. दुसऱ्या कुणी कागदावर गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा लिहून दिला असता. आबांनी ऐट दिली.

त्यांचा चेहरा बघून त्या पोरीचंही हसू मावळलं. आणि मला एकदम कांदाभजी आठवली.

आबा निवृत्त होऊन आले तेव्हा मी दहा वर्षांची होते. दर बाजारच्या दिवशी ते मला सायकलवर बसवून गडहिंग्लजला नेत. बाजार उरकला की स्टँडवरच्या कँटीनमध्ये मला भज्यांची प्लेट आणि ते गल्ल्यावरच्या माणसाशी बोलत उभे. आई चिडायची, की ह्यांना त्या कँटीनच्या भज्यांचं काय एवढं खूळ. गल्ल्यावरचा माणूस दर वेळी मान हलवून नाही म्हणायचा, हे मी भजी खात खात बघितलेलं आहे. तो कशाला नाही म्हणतो, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी भजी मोजत होते.

"तुम्ही स्टँडवर त्यालाच विचारत होता?" मी आबांना म्हटलं.

"लंकेवरनं आल्यावर दोन-अडीच वर्सं मी पंजाबात होतो. त्यो आला असला तर तवाच आला असणार. मी येऊन इचारतोय तवर..." ते म्हणाले. "आला का न्हाय, वाटंतच मारला, का बोट बुडाली. तेवढं कळाय पायजे होतं."

मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. राग याचा की हे ओझं त्यांनी एकट्यानं वाहिलं. अभिमान याचा की वाहिलं. टाकून द्यायला त्यांना तीस वर्षं मोकळी होती.

पुढचं त्या पोरीनं केलं. तिनं आबांचा मोबाइल घेतला आणि म्हणाली, "तालुक्यातल्या आजी-माजी फौजींचा ग्रुप हाय न्हवं तुमचा? बोला ह्यात." आबा उभे राहिले, खुर्चीत बसून असलं काही बोलता येतं असं त्यांना वाटत नाही. परेडचा हुकूम द्यावा तसे ते मोबाइलमध्ये ओरडले: "समद्या गावच्या फौजी भावास्नी इनंती! तीस वर्साच्या मागं एक बारीक, काळासा, तमिळ बोलणारा गडी फौजीचं घर इचारत कुणाच्या दारात आलता काय? आला असंल तर कळवा! रामराम!"

उत्तरांची झड लागली. एकानं कळवलं, आमच्याकडं मद्राशी आलता, पर त्यो विहीर खोदाय. दुसऱ्यानं विचारलं, हवालदार, असा पत्ता देतंय काय कोन, डोस्कं बराकीत विसरून आला काय? तिसऱ्याला गाभण म्हैस विकायची होती, त्यानं तिचा फोटो टाकला. आबा प्रत्येक उत्तर कानाला लावून ऐकत. आठवडा गेला, मग दुसरा. उत्तरं थांबली.

स्पर्धेच्या दिवशी ते आमच्याबरोबर वारणानगरला आले. कारखान्याचा हंगाम जोरात होता, उसाच्या ट्रॅक्टरांमागून आमची गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती आणि आबा पोरीला वाटेत शेवटच्या सूचना देत होते. हॉल भरलेला. प्रतिकूल बाजूचा एक मुलगा चांगलाच बोलला: देश दुसऱ्याच्या युद्धातून बाहेर पडतो तो आपली माणसं वाचवायला, प्रत्येक मित्राला आसरा द्यायचा ठरवला तर उद्या कुठलंच सैन्य कुणाच्या मदतीला जाणार नाही, आणि कधी माघारही घेऊ शकणार नाही. आबांनी माझ्या कानात "पोरगं हुशार हाय" म्हणून दाद दिली. अर्धा हॉल वळून बघायला लागला.

मग आमची उठली. तिनं गाडीतली जागा मोजून दाखवली, अठरा जवान, दोन जखमी, सगळं आबांचंच. आणि म्हणाली, "जागा नव्हती, हे मला मान्य आहे. हुकूम होता, हेही मान्य. पण सैन्य परत येतं तेव्हा कर्तव्य संपत नाही, ते सैनिकाच्या अंगावर येतं. ज्याच्यामुळे दहा माणसं घरी आली, त्याला त्या दहांच्या दारात भाकरी मिळालीच पाहिजे. हे राज्यकर्त्यांना जमत नसेल, तर आमच्या गावाला जमलं पाहिजे." त्यानंतर तिनं तम्माची गोष्ट सांगितली, पत्त्यासकट. हॉल हसला आणि मग सावरून बसला. माझ्या शेजारी आबा ताठ बसून होते, हात गुडघ्यांवर, नजर समोर. ती माझी विद्यार्थिनी होती आणि हे माझे वडील; मला त्या हॉलमध्ये उठून सगळ्यांना हे ओरडून सांगावंसं वाटलं.

तिला दुसरा नंबर मिळाला. परीक्षक म्हणाले, "गोष्ट हृदयाला भिडणारी आहे. पण वादात पुरावा लागतो. तो मनुष्य आला होता का, त्याचं पुढे काय झालं, हे वक्त्याला सांगता आलं नाही. मग गावाला जमलं का नाही, हे आम्ही कशावरून धरायचं?"

मी तरातरा त्यांच्याकडे निघाले होते. आबांनी माझं मनगट धरलं. "बरोबर बोलला त्यो साहेब. पुरावा न्हाय."

परतीच्या वाटेवर पोरगी मागच्या सीटवर फुगून बसलेली, आबा खिडकीबाहेर बघत. जोतिबाचा डोंगर दिसला तसे त्यांनी हात जोडले. आणि त्याच वेळी त्यांच्या मांडीवरचा मोबाइल वाजला. ग्रुपवर निरोप होता. त्यांनी तो मोठ्या आवाजात लावला. एक अनोळखी, घोगरा आवाज म्हणाला: "रामराम हवालदार. मी बी फौजी, सुट्टीला घरी आलोय. तुमचं बोलणं आज आईला ऐकवलं. आई म्हणती, त्यो गडी आमच्या दारात आलता. तुमास्नी बोलिवलंय. आईतवारी जेवायलाच या."

मी गाडी बाजूला घेतली. मला रस्ता दिसत नव्हता.

त्यांचं गाव आमच्या गावापासून फार तर चार कोसांवर, हिरण्यकेशीच्या पलीकडे. रविवारी आम्ही तिघं गेलो. घर साधंच, कौलारू, बाजूला गोठा. भिंतीवर युनिफॉर्ममधल्या एका माणसाचा हार घातलेला फोटो. त्याखाली त्याची बायको बसली होती. पंचाहत्तरीची, सुकलेली, पण नजर अशी की आबासुद्धा दारातच थांबले.

"तुमीच काय त्यो पत्ता देणारं?" म्हातारी म्हणाली.

"व्हय, आक्का."

"बसा. लई शाणं हायसा."

मग तिनं सांगितलं. तिचा नवरा तेव्हा उत्तरेत कुठंतरी सीमेवर, घरात ती, दोन पोरं आणि सासू. एक दिवस दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. अंगावर चुरगळलेला शर्ट, पायात चप्पल नाही. गडहिंग्लजच्या स्टँडवर त्यानं फौजीचं घर विचारलं होतं. कुणीतरी त्याला या गावच्या गाडीत बसवून दिलं.

"मला म्हणाला, फौजीचं घर ह्येच काय? म्या म्हटलं, व्हय. आत ये म्हटलं."

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं. "परका माणूस, घरात पुरुष नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं ते बघणं मी विसरणार नाही. "भीती कशाची? त्यो फौजीचं घर इचारत आलता. घर फौजीचंच हाय की."

तिला वाटलं, आपल्या नवऱ्यानंच पाठवलाय. तिनं पोरीकडून नवऱ्याला पत्र लिहवून घेतलं, की तुमचा माणूस पोचला. महिन्यानं उत्तर आलं. ते पत्र तिनं अजून जपून ठेवलेलं होतं. डब्यातून काढून तिनं माझ्या हातात दिलं. निळी शाई, वाकडी ओळ. 'मी लंकेला कधी गेलो नाही. हा माझा माणूस नव्हे. पण कुठल्यातरी फौजीनं शब्द दिलेला दिसतो. तो फौजी सापडेपर्यंत त्याला जाऊ देऊ नको.'

मी ते मोठ्यानं वाचलं. आबांनी मान खाली घातली.

तो फौजी सापडला नाही. तिच्या दिरानं आसपासच्या चार-पाच गावांत नाव घेऊन विचारलं; त्या नावाचे फौजी बरेच निघाले, पण आमच्या गावापर्यंत तो पोचला नाही. आबा तेव्हा पंजाबात. सात-आठ महिने तो राहिला. गुऱ्हाळात राबला, गावभरच्या सायकली दुरुस्त करून दिल्या, म्हातारीला अक्का म्हणाला. मग त्याचा थोरला भाऊ तमिळनाडूतल्या निर्वासितांच्या एका छावणीत पोचल्याचं कळलं, तसा तो तिकडे गेला. तिथंच राहिला, लग्न केलं, आता त्याचं सायकलचं दुकान आहे.

"म्हंजे जिवंत हाय?" आबा म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

"त्याला काय धाड भरलीया? दर भाऊबीजंला फोन असतोय त्येचा." तिनं मुलाला हाक मारली. "लाव रे मामाला."

मुलानं नंबर लावला आणि मोबाइल आबांच्या हातात दिला. आबा उठून उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. पलीकडून तमिळमध्ये कुणीतरी काहीतरी म्हणालं, आणि आबांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला.

"तम्मा."

पलीकडून साठीच्या घरातल्या एका माणसाचा आवाज आला. आणि तो, त्या दूरच्या गावातून, अस्सल गडहिंग्लजकडची मराठी बोलत होता. आमच्या आबांची मराठी.

"अण्णा? मी आलतो की!"

"व्हय. कळलं." आबांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं. "तम्मा, माफ कर मला. म्या तुला सोडून आलो."

"सोडून?" तो पलीकडून, आमच्याकडची माणसं ओरडतात तसा ओरडला. "सोडून कुठं, अण्णा? पत्ता दिल्ता की! फौजीचं घर. गावलं मला."

आबांनी मोबाइल तसाच कानाला धरून म्हातारीला कडक सॅल्यूट ठोकला. ती दचकली, पदर सावरला आणि म्हणाली, "बास झालं, पावणं. बसा आता जेवाय."